शरदातील सहली, हस्तकलेची प्रदर्शने आणि कर्त्याचा लोप

(१)

आश्विन आणि कार्तिक हे मराठी पंचांगातील घराबाहेर पडण्याचे महिने होत. पाऊस उघडलेला असतो, वाटा वाळलेल्या असतात, खरिपाचे पीक हाताशी आलेले असते आणि थंडीला अद्याप धार चढलेली नसते. दसरा, कोजागिरी, दिवाळी आणि आवळीभोजन हे प्रसंग याच अवधीत ओळीने येतात. त्यांच्या जोडीला आज शाळांची दिवाळीची सुटी आहे. भाद्रपद-आश्विनात साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावरील फुले पाहावयास निघणारी कुटुंबे आहेत. आणि पणत्या, आकाशकंदील, हातमागाची वस्त्रे, बांबूच्या व लाकडाच्या वस्तू यांची शहरोशहरी मांडली जाणारी प्रदर्शनेही आहेत.

या प्रदर्शनांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा वर्णनपर व प्रशंसापर असते. एखाद्या नाटकाची वा कादंबरीची जशी परीक्षा होते तशी प्रदर्शनाची होत नाही. कारण प्रदर्शन म्हणजे खरेदीचे व विरंगुळ्याचे ठिकाण, समीक्षेचा विषय नव्हे, असा समज रूढ आहे. वस्तुतः प्रदर्शन ही एक रचना असते. त्यात निवड असते, क्रम असतो आणि मुख्य म्हणजे भाषा असते. पाट्या, वस्तूंना जोडलेल्या चिठ्ठ्या, निमंत्रणपत्रिका आणि विक्रेत्याचे बोलणे या सर्वांतून पाहणाऱ्याला वस्तूकडे पाहण्याची एक रीत शिकविली जाते. प्रस्तुत निबंधात त्या भाषेची तपासणी केली आहे. तपासणीचा प्रश्न एकच : ही भाषा वस्तू घडविणाऱ्याला वाक्यात कोणते स्थान देते?

(२)

प्रथम घराबाहेर पडण्याविषयीचे शब्द पाहावेत. शरदातील सर्वांत जुनी सहल म्हणजे दसऱ्याचे सीमोल्लंघन. पावसाळ्यात थांबलेल्या मोहिमा या दिवशी पुन्हा सुरू होत. गावकरी शीव ओलांडून आपट्याची पाने आणीत आणि ती 'सोने' म्हणून एकमेकांस देत. हा संस्कृत सामासिक शब्द लोकांच्या तोंडी 'शिलंगण' असा झाला आणि कोल्हापूरसारख्या ठिकाणी तो आजही त्याच रूपाने नांदतो. शब्दाने एवढे रूपांतर सोसले याचाच अर्थ तो पोथीतून उतरून रोजच्या व्यवहारात वापरून गुळगुळीत झाला. दुसरा शब्द 'आवळीभोजन'. कार्तिक शुद्ध पक्षात आवळीच्या झाडाखाली सहकुटुंब जेवण करण्याची ही चाल. या दोन्ही शब्दांत जावयाचे कोठे व करावयाचे काय हे सांगितलेले आहे : शीव ओलांडावयाची आहे, विशिष्ट झाडाखाली जेवावयाचे आहे.

याउलट 'सहल' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याच्या मूळ अर्थात 'सोपे, सुलभ' ही छटा आहे. सहलीत काय करावयाचे हे शब्द सांगत नाही. श्रमाचा अभाव एवढाच त्याचा आशय. या शब्दाची निंदा करण्याचे कारण नाही. आठवडाभर राबणाऱ्या कुटुंबाला श्रमाचा अभाव हवाच असतो. परंतु सहलीच्या वृत्तीने निघालेले कुटुंब जेव्हा दुसऱ्याच्या श्रमाने घडलेल्या वस्तूंपुढे येऊन उभे राहते, तेव्हा ते श्रम त्याच्या नजरेस कितपत यावेत हा प्रश्न उपस्थित होतो. प्रदर्शनाची खरी कसोटी येथे लागते.

(३)

'जत्रा' हा 'यात्रा' शब्दाचा तद्भव. 'बाजार' फारसीतून आलेला. 'प्रदर्शन' हा तत्सम शब्द आधुनिक काळात या अर्थाने रूढ झाला. या तीन शब्दांबरोबर येणारी क्रियापदे लक्षात घेण्यासारखी आहेत. बाजार 'भरतो' आणि जत्रा 'भरते'. प्रदर्शन मात्र 'भरवितात' किंवा 'मांडतात'. 'प्रदर्शन भरले आहे' असाही प्रयोग होतो हे खरे. तथापि ते कोणी तरी भरविले आहे ही जाणीव त्यामागे कायम असते, आणि निमंत्रणपत्रिकेवर भरविणाऱ्याचे नाव ठळक असते. बाजाराच्या बाबतीत 'कोणी भरविला?' हा प्रश्नच सहसा उद्भवत नाही.

'भरणे' आणि 'भरविणे' यांतील अंतर म्हणजे साध्या व प्रयोजक क्रियापदातील अंतर. प्रयोजक रचनेत एक नवा कर्ता येतो आणि मूळचा कर्ता मागे सरतो. 'मूल जेवते' या वाक्यात मूल कर्ता आहे. 'आई मुलाला जेवविते' यात ते स्थान आईकडे गेले. 'प्रदर्शन' या शब्दाचाही मुख्य अर्थ 'पाहणे' हा नसून 'दाखविणे' हा आहे. दाखविणारी संस्था कर्ता होते, वस्तू कर्म होते आणि प्रेक्षकाला दाखविले जाते. या तिघांच्या व्यवस्थेत ज्याने वस्तू घडविली त्याला व्याकरणदृष्ट्या जागाच उरत नाही.

अलीकडे अनेक प्रदर्शनांना 'जत्रा' असे नाव देण्याची प्रथा पडली आहे. पुण्यात थंडीच्या दिवसांत भरणारी भीमथडी जत्रा हे तिचे सुपरिचित उदाहरण. ग्रामीण स्त्रियांच्या बचतगटांना शहरी ग्राहक मिळवून देणाऱ्या अशा उपक्रमांचे आर्थिक मोल नाकारता येणार नाही. तेथे पुष्कळदा वस्तू करणारी स्त्री स्वतःच विक्रीस उभी असते, ही गोष्ट सामान्य प्रदर्शनाहून निश्चितच वेगळी आहे. तरीही जत्रेचे नाव घेतल्याने जत्रेची क्रिया आपोआप येत नाही. ती येण्यासाठी विकणारा आणि घेणारा यांच्यात एक समान भाषा असावी लागते.

(४)

ही समान भाषा कशी असते हे मडक्याच्या खरेदीवरून स्पष्ट होईल. मडके वाजवून घ्यावे असा जुना दंडक आहे. बोटाच्या पेराने टिचकी मारली असता आवाज 'खणखणीत' आला तर मडके पक्के. 'बद्द' आला तर ते कोठे तरी चिरलेले अथवा कच्चे भाजलेले. या दोन विशेषणांत एक संपूर्ण समीक्षापद्धती सामावली आहे. माती नीट मळली गेली का, भट्टीत आच सर्वत्र पोहोचली का, वाहतुकीत धक्का बसला का, या सर्व प्रश्नांची उत्तरे ग्राहकाच्या कानाला मिळत. बाजारात आईबरोबर गेलेल्या मुलीला हे ज्ञान वेगळे शिकवावे लागत नसे. सुपाची वीण घट्ट आहे की झिरझिरीत, हे ती बोट फिरवून ओळखी. पातेल्याचा तळ पातळ आहे की जाड, हे ती हातात तोलून सांगे.

प्रदर्शनात 'वस्तूंना हात लावू नये' अशी पाटी असते. तीमागील व्यावहारिक कारण समजण्याजोगे आहे. परंतु हात व कान बाद झाल्यावर परीक्षेचे साधन म्हणून डोळा तेवढा उरतो आणि विशेषणेही डोळ्यापुरती मर्यादित होतात : 'सुंदर', 'आकर्षक', 'देखणे', 'पारंपरिक'. यांपैकी पहिली तीन विशेषणे कोणत्याही वस्तूला सारखीच लागू पडतात, म्हणून ती कोणत्याही वस्तूविषयी काहीच सांगत नाहीत. 'पारंपरिक' हे विशेषण तर वस्तूची परीक्षा टाळण्यासाठीच योजलेले दिसते. कारण परंपरेतही उत्तम व निकृष्ट असे दोन्ही प्रकार असतातच, आणि जुना ग्राहक त्यांतील निवड करण्यासाठीच मडके वाजवीत असे.

हाच संकोच वस्तूंच्या नावांतही झालेला आहे. बुरुडाच्या कामात सूप, रोवळी, दुरडी, टोपली, हारा, कणगी अशी नावे आहेत. प्रत्येक नावाला आकार आहे आणि उपयोगही आहे : रोवळीत तांदूळ धुवावयाचे, सुपात पाखडावयाचे, कणगीत धान्य साठवावयाचे. प्रदर्शनात ही सर्व मंडळी 'बांबू क्राफ्ट' या एका पाटीखाली येतात. घेणाऱ्याच्या घरी ती बहुधा शोभेची म्हणून भिंतीवर जातात, आणि तेथे रोवळी व दुरडी यांत भेद करण्याची गरज उरत नाही. शब्दसंपत्तीचा हा ऱ्हास केवळ कोशकाराच्या चिंतेचा विषय नाही. ज्या वस्तूला नेमके नाव उरत नाही, तिच्या चांगल्या-वाईटाचा नेमका निवाडाही करता येत नाही.

(५)

येथवरच्या विवेचनावरून जुना बाजार आदर्श होता असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो उतावीळपणाचा होईल. त्या बाजाराच्या भाषेचे दुसरे अंग तितकेच स्पष्टपणे मांडणे अवश्य आहे.

कुंभकारापासून कुंभार, सुवर्णकारापासून सोनार, लोहकारापासून लोहार, चर्मकारापासून चांभार, कांस्यकारापासून कासार : ही व्युत्पत्ती प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. 'कार' म्हणजे करणारा. प्राकृतात दोन स्वरांमधील ककार लोपला आणि कर्तृवाचक पद मागील शब्दात मुरून गेले. तेवढ्याने कर्ता शब्दात टिकला असे म्हणता येईल. परंतु तो कोणत्या स्वरूपात टिकला? व्यक्ती म्हणून नव्हे, जात म्हणून. 'कुंभार' हा शब्द भांडे करणाऱ्याला जसा लागू झाला, तसाच ज्याने कधी चाकाला हात लावला नाही अशा त्याच्या पुतण्यालाही लागू झाला. 'जीनगर' शब्दाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. फारसी 'जीन' म्हणजे खोगीर आणि 'गर' म्हणजे करणारा. घोडदळ गेले, खोगिरांची मागणी गेली, या समाजाने अन्य अनेक कामे पत्करली. नाव मात्र खोगिराचेच राहिले. त्रिंबक नारायण अत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गांव-गाडा' या ग्रंथात बलुते-अलुत्यांच्या व्यवस्थेचे जे दर्शन घडते, त्यात हे कर्तृवाचक शब्द हक्काचे द्योतक आहेत तसेच बंधनाचेही आहेत.

याचे सर्वांत तीव्र उदाहरण शरद ऋतूच्या ऐन मध्यावर, आश्विन अमावास्येस सापडते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी विकत आणून तिला हळदकुंकू वाहण्याची प्रथा आहे. त्या दिवशी तिला 'लक्ष्मी' असेच म्हणतात. शिंदीच्या पानांची ही केरसुणी बांधण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे होते. वस्तूला देवीचे नाव मिळाले, आणि ती करणाऱ्याची वस्ती मात्र गावाबाहेर राहिली. त्याच्या हातची वस्तू देवघरापर्यंत पोहोचे. त्याला उंबऱ्याच्या आत येता येत नसे. यास्तव जुन्या व्यवस्थेत वस्तू व कर्ता यांचा संबंध जिवंत होता, असे सरसकट म्हणणे सत्याला धरून होणार नाही. संबंध होता, तो मानाचा होताच असे नाही.

(६)

या पार्श्वभूमीवर 'हस्तकला' या शब्दाचे कार्य तपासले पाहिजे. हा संस्कृत घटकांचा नवा समास. अखिल भारतीय हस्तकला मंडळाची स्थापना १९५२ मध्ये झाली आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याचे नेतृत्व दीर्घकाळ केले. पुढे २०२० मध्ये हे मंडळ बरखास्त करण्यात आले. दरम्यानच्या काळात कुंभारकाम, बुरूडकाम, विणकाम, तांबटकाम या सर्वांना एका छत्राखाली आणणारा हा शब्द सर्वत्र पसरला. त्याचे मोठे पुण्य असे की त्याने कामाला जातीपासून सोडविले. 'हस्तकला' कोणीही शिकावी, कोणीही करावी. केरसुणी बांधणे आणि रेशीम विणणे यांना 'कला' हा समान दर्जा देणारा शब्द लोकशाहीच्या काळास साजेसाच होता.

परंतु या मुक्ततेची किंमतही मोजावी लागली. 'कुंभार' या शब्दात करणारा होता. 'हस्तकला' या शब्दात हात आहे आणि कला आहे, पण माणूस नाही. ही उणीव प्रदर्शनातील चिठ्ठीवरच्या नेहमीच्या वाक्यांशात पूर्णपणे उघडी पडते : 'हाताने बनविलेली वस्तू'. मराठीत तृतीयेचा 'ने' हा प्रत्यय कर्त्यालाही लागतो व करणालाही लागतो. 'कुंभाराने बनविलेली पणती' येथे तो कर्त्याला लागला आहे. 'चाकूने कापलेले फळ' येथे करणाला, म्हणजे साधनाला. 'हाताने बनविलेली पणती' या रचनेत 'हाताने' हे करण आहे, परंतु ते कर्त्याच्या रिकाम्या जागेवर येऊन बसते. बाह्य रूप सारखेच असल्याने जागा भरल्यासारखी वाटते आणि 'कोणी?' हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात उठतच नाही. व्याकरणातील ही किरकोळ वाटणारी अदलाबदल संपूर्ण प्रदर्शनव्यवस्थेचे सार सांगते. कारागिराचा हात मांडला जातो. कारागीर वाक्याबाहेर राहतो.

स्थलवाचक नावांनी ही उणीव भरून निघते का? पैठणी, कोल्हापुरी यांसारख्या शब्दांत 'ई' हा प्रत्यय वस्तूला गावाशी जोडतो. भौगोलिक चिन्हांकनाच्या १९९९ च्या कायद्याने अशा नावांना संरक्षण दिले, आणि येवल्याच्या विणकरांना पैठणीच्या नावाचा आधार मिळाला, हा लाभ लहान नाही. तथापि या नावातही कर्त्याच्या ठिकाणी गाव येते. शिवाय पैठणीचे बहुतांश विणकाम आज येवल्यात होते, म्हणजे नाव एका गावाचे आणि माग दुसऱ्या गावाचा. काठाच्या नक्षीला 'नारळी' वा पदरावरील आकृतीला 'बांगडी मोर' अशी नेमकी नावे अद्याप टिकून आहेत, कारण ती विणकर व ग्राहक या दोघांच्याही बोलण्यात आहेत. परंतु मागावर महिनोन्‌महिने बसणाऱ्या व्यक्तीचे नाव साडीच्या चिठ्ठीवर क्वचितच सापडते.

(७)

कर्त्याला वाक्यात आणणे प्रदर्शनाला मुळातच अशक्य आहे असे मात्र नाही. फैजपूर येथे १९३६ च्या डिसेंबरात झालेल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून केली, आणि तेथील ग्रामोद्योग प्रदर्शनामागे वस्तूंबरोबर उद्योगही लोकांपुढे यावेत ही दृष्टी होती. वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ साली याच विचारातून उभे राहिले.

वारली चित्रांचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. लग्नाचा चौक भिंतीवर काढण्याचे काम वारली समाजात स्त्रियांकडे असे. चौक 'काढला' असे म्हणण्यापेक्षा 'लिहिला' असे म्हणण्याची तेथील रीत जुन्या मराठीतील 'चित्र लिहिणे' या प्रयोगाशी जुळते. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ही चित्रे कागदावर व प्रदर्शनात आली आणि जिव्या सोमा मशे हे नाव जगभर पोहोचले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली; २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. एका आदिवासी चित्रकाराला समूहनामाच्या आडून बाहेर काढून स्वतःच्या नावाने उभे करण्याचे श्रेय प्रदर्शनव्यवस्थेला दिलेच पाहिजे. त्याच वेळी हेही नोंदविले पाहिजे की भिंतीवर चौक लिहिणाऱ्या असंख्य स्त्रियांची नावे त्या व्यवस्थेत आली नाहीत. प्रदर्शनाने एक कर्ता दिला आणि अनेक कर्त्या अनाम राहिल्या. आता कलाप्रदर्शनात वारली चित्राखाली चित्रकाराचे नाव असते; दिवाळीच्या बाजारातील कंदिलावर वा पणतीवर छापलेल्या वारली आकृतींखाली मात्र कोणाचेच नाव नसते.

(८)

या सर्व चर्चेत एक शरदकालीन कृती अशी आहे की तिच्यात सहल, कारागिरी व प्रदर्शन ही तिन्ही अंगे एकत्र येऊनही कर्ता लोपत नाही. ती म्हणजे दिवाळीतील मुलांचा किल्ला. दगडविटा रचाव्यात, त्यांवर पोती टाकावीत, चिखलाने लिंपावे, उतारावर अळीव पेरून झाडी उगवावी आणि बाजारातून मातीची 'चित्रे' आणून मांडावीत. मातीच्या मावळ्यांना 'चित्रे' म्हणण्याची ही पुणेरी लकब, चित्र म्हणजे केवळ सपाट पृष्ठावरची आकृती या समजुतीला सहज छेद देते. या खेळाची उमेद पुष्कळदा प्रत्यक्ष गडावर केलेल्या सहलीतून येते. २०२५ च्या जुलैत बारा मराठा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यानंतर अशा सहलींचे आकर्षण अधिकच वाढले आहे.

किल्ला पाहण्यास शेजारीपाजारी येतात तेव्हा तो करणारी मुले जवळच उभी असतात आणि बोलत असतात : हा बालेकिल्ला, हे टाके, ही चोरवाट, हा बुरूज काल ढासळला म्हणून पुन्हा बांधला. 'हा आम्ही केला' हे त्यांचे वाक्य कर्मणी प्रयोगाचे आहे. क्रियापद किल्ल्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, पण 'आम्ही' हा कर्ता आपली जागा सोडीत नाही. अपयशही त्या निवेदनात येते, आणि ढासळलेल्या बुरुजाची हकिगत ऐकल्यावाचून उभ्या बुरुजाची किंमत कळत नाही. तयार साच्यातून काढलेले किल्ले आता बाजारात मिळू लागले आहेत. त्यांचे रूप सुबक असते; परंतु त्यांच्याविषयी मुलाला सांगण्यासारखे काही नसते, ही त्यांची खरी उणीव होय.

(९)

सारांश, शरदातील हस्तकलेच्या प्रदर्शनाचे मूल्यमापन वस्तूंच्या देखणेपणावर अथवा गर्दीच्या प्रमाणावर करणे अपुरे आहे. जुन्या बाजारात कर्ता होता, पण जातीत कोंडलेला. नव्या प्रदर्शनात जात पुसली गेली, पण तिच्याबरोबर कर्ताही पुसला गेला. मागे जाण्याचा मार्ग बंद आहे आणि तो बंदच राहिला पाहिजे. पुढचा मार्ग क्रियापदांचा व व्यक्तिनामांचा आहे. पुण्याच्या तांबट आळीतील भांड्यावर केवळ 'हस्तनिर्मित तांब्याची घागर' असे लिहिण्याऐवजी तिच्यावर मठारकाम कोणी केले, तांब्यावर ठोके का घालतात, त्या ठोक्यांनी पत्र्याला बळकटी कशी येते, हे चार साध्या वाक्यांत सांगता येईल. ती वाक्ये वाचणारे कुटुंब घागरीकडे वेगळ्या नजरेने पाहील, आणि अधिक चिकित्सकपणेही पाहील. चांगला ग्राहक हा कारागिराचा पहिला समीक्षक असतो. त्याला परीक्षेची भाषा परत देणे हे प्रदर्शनाचे काम आहे.

भाषाभ्यासकाचे कामही येथेच सुरू होते. बोलींच्या पाहणीत व्यवसायांची नामे पुष्कळ गोळा झाली आहेत; मळणे, थापणे, तासणे, सोलणे, ओवणे, मठारणे यांसारखी क्रियापदे, त्यांचे अर्थभेद आणि 'खणखणीत'-'बद्द' यांसारखी परीक्षक विशेषणे यांकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. कार्तिकाच्या उन्हात भरणाऱ्या प्रदर्शनात ही क्रियापदे जाणणारी माणसे आपापल्या वस्तूंमागे बसलेली असतात आणि किंमत विचारण्यापलीकडे त्यांना फारसे कोणी काही विचारीत नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला एवढ्या जवळ आणि एवढे समृद्ध अभ्यासक्षेत्र दुसरे मिळणे कठीण. वही घेऊन तेथे जावे आणि पहिला प्रश्न 'हे कोणी केले?' हा विचारावा. दुसरा, 'कसे केले?'